कारण : कप्पी

कलेक्टर कचेरीच्या गच्चीवरची दोरी
माझ्या हातात येऊन एकोणीस वर्षं झाली.
आधी ती पुंजाराम बेंडकुळेकडे होती.
त्यानंच शिकवलं :
चढवताना झपाट्यानं, उतरवताना सावकाश.
आणि अर्ध्यावर ठेवायचा हुकूम असला
तरी आधी टोकाला न्यायचा,
मग खाली घ्यायचा.
"गेलेल्या माणसाला एकदा पुरतं उभं करायचं, लहानू,
मगच वाकायचं,"
म्हणायचा, आणि चुन्याचं बोट पँटीला पुसायचा.

यंदाच्या सालानं दोरीला दम खाऊ दिला नाही.

जानेवारीत कप्पी थंडीनं किंचाळत होती
तेव्हा मुंबईहून फोन आला : माजी राष्ट्रपती. सात दिवस.
नोंदवहीत तारीख, वेळ, सही
आणि शेवटचा रकाना : कारण.
तिथं लाल शाईनं त्यांचं नाव,
मागंपुढं सगळ्या पदव्या लावून.
सातही दिवस सीबीएसच्या गाड्या
तशाच हॉर्न मारत राहिल्या.
चहावाल्या शकूरनं तेवढं वर बघून विचारलं,
"आज पण?"

फेब्रुवारीत कुठल्याशा बेटावरचा राजा वारला.
एक दिवस.
त्याचं नाव मी तीनदा खोडलं,
चौथ्यांदा साहेबांनी लिहून दिलं,
तेही बहुतेक चुकलंच.

मग आगगाडीचे डबे नदीत गेले.
एकशे बारा माणसं.
मी फोनपाशी दुपारपर्यंत उभा.
फोन आला,
प्रिंटरची शाई कुणी मागवली म्हणून.
झेंडा टोकाला होता. वारा छान होता.

मे महिन्यात अंबडच्या गोदामात मतं मोजली.
गुलाल पार गच्चीपर्यंत चढला.
खालच्या दालनातली तसबीर बदलायला
स्टूल मलाच दिलं.
खिळा तोच ठेवला.

ऑगस्टात गंगा दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागली.
आमच्या गावाला असंच मोजता येतं,
कमरेला, छातीला, गळ्याला.
त्याच आठवड्यात एक म्हातारी गायिका गेली. दोन दिवस.
ओला झेंडा अर्ध्यावर फडकत नाही,
काठीला चिकटून राहतो
तापातलं पोर आईला राहतं तसा.
घरी रेडिओ बंद करायला गेलो
तर बायको म्हणाली, आज तरी राहू द्या.

रॉकेट उडालं तेव्हा सगळी कचेरी टीव्हीसमोर.
मी सवयीनं वर गेलो.
ओझरचं एक विमान दिसलं, तेवढंच.

पुंजाराम कार्तिकात गेला,
सिव्हिलच्या जनरल वॉर्डात, बंद पंख्याकडे बघत.
रात्रीच अमरधामला नेला. आम्ही नऊ जण.
परतताना त्याच्या पोरीनं विचारलं,
"कचेरीत बाबांचं काही करतात का हो?"
मी म्हटलं, बघतो.

सकाळी सहा चाळीस.
हुकूम कुणाचाच नाही.
झेंडा चढवला, झपाट्यानं, टोकापर्यंत.
मग हात सावकाश सैल केले.
अर्ध्यावर येऊन तो थांबला
मी साठ मोजेपर्यंत.
पुढं आकडे आठवेनात, म्हणून पुन्हा टोकाला नेला.

नेमके साहेब त्या दिवशी दौऱ्यासाठी लवकर आलेले,
गाडीचं दार धरून वर बघत होते.
"कप्पी अडकली, साहेब."
त्यांनी लेखी मागितलं.

आता नोंदवहीत
राष्ट्रपती, राजा आणि गायिका यांच्या खालोखाल
त्या तारखेसमोर माझ्या अक्षरात आहे,
कारण : कप्पी.
शाई मात्र मी लालच वापरली,
त्यावर कुणी शेरा मारला नाही.

डिसेंबरात तेलाची बाटली मंजूर होऊन आली.
पावतीसकट, एकशे चाळीस रुपये.
दोरी आता आवाज न करता चढते.
शकूर म्हणतो,
चढवला होय?
कळलंच नाही.